अर्धे वाक्य

१९३६ च्या ऑगस्टमध्ये अखिल भारतीय काँग्रेस समितीची बैठक मुंबईत भरली आणि येऊ घातलेल्या प्रांतिक निवडणुकांचा जाहीरनामा तिथे मंजूर झाला. त्यात कारखान्यांतल्या कामगारांविषयी एक लांबलचक वाक्य होते. माणसासारखे जगता येईल असे राहणीमान, कामाचे माफक तास, म्हातारपण आणि आजारपण यांची तरतूद हे सारे त्यात होतेच. मालक-मजुरांचे तंटे मिटवण्यासाठी योग्य यंत्रणा उभारू, असे म्हटले होते. आणि त्याच वाक्यात, कामगारांना संघटना करण्याचा व आपल्या हितासाठी संप करण्याचा हक्क राहील, असेही. यंत्रणा आणि संप एकाच दमात. जाहीरनामे लिहिणाऱ्यांना ‘आणि’ हे अव्यय फार उपयोगी पडते. दोन गोष्टींत कुठे खटका उडेल याचा विचार निवडणुकीनंतर करता येतो.

खटका उडाला दोन वर्षांनी, याच शहरात.

त्याआधी, १९३६ च्याच डिसेंबरात, काँग्रेस खानदेशात गेली. खेड्यात भरलेले हे पहिले अधिवेशन. पूर्व खानदेशातल्या फैजपूरला जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली ते झाले. नंदलाल बोसांनी बांबू आणि गावात मिळेल ते सामान वापरून अधिवेशनाचे टिळकनगर उभे केले. धनाजी नाना चौधरी, साने गुरुजी आणि असंख्य कार्यकर्ते महिनोन्‌महिने राबले. त्याच सुमारास तिथेच किसान सभेचेही अधिवेशन होते आणि मनमाडहून शेतकऱ्यांचा एक जथा पायी चालत फैजपूरला आला, वि. म. भुस्कुटे त्याच्या पुढे होते. अधिवेशनाने शेतीविषयक कार्यक्रम मंजूर केला. त्यात खंड आणि सारा कमी करणे, कर्जाला सवलत, सरंजामी देणी आणि वेठ बंद करणे, शेतकरी संघटनांना मान्यता अशा गोष्टी होत्या. हा ठराव वाचताना आजही मन हरखते. त्यातली भाषा मोघम नाही. फैजपूरहून परतलेल्या माणसाला वाटले असेल की आता काँग्रेस निवडून आली, की कुळाचे दिवस फिरले.

काँग्रेस निवडून आलीही. १९३७ च्या फेब्रुवारीत मुंबई इलाख्याच्या १७५ जागांच्या कायदेमंडळात ती सर्वांत मोठा पक्ष ठरली. डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष जेमतेम सहा महिन्यांचा होता. त्याने १७ जागा लढवून १४ जिंकल्या. गव्हर्नरांच्या खास अधिकारांवरून काही महिने घोळ झाला, तेवढ्या काळात धनजीशा कूपर यांचे अल्पमतातले मंत्रिमंडळ बसले, आणि १९ जुलै १९३७ रोजी बाळासाहेब खेरांनी सूत्रे हाती घेतली. मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधान म्हणत. खेर मूळचे रत्नागिरीचे, मुंबईतले नाणावलेले सॉलिसिटर, वृत्तीने सेवाभावी. गृहखाते कन्हैयालाल मुनशींकडे गेले. बार्डोलीच्या लढ्यात सरकारी दडपशाहीचा निषेध म्हणून १९२८ मध्ये त्यांनी कायदेमंडळाचा राजीनामा दिला होता आणि त्या दडपशाहीच्या चौकशीतही भाग घेतला होता. महसूल मोरारजी देसाईंकडे. ते डेप्युटी कलेक्टरची नोकरी सोडून चळवळीत आलेले. अर्थखाते अण्णासाहेब लठ्ठ्यांकडे, म्हणजे कोल्हापूरचे माजी दिवाण, ब्राह्मणेतर चळवळीतले जुने नाव, शाहू छत्रपतींचे चरित्रकार. या यादीत आयत्या वेळी टोपी घातलेला एकही माणूस नाही, हे लक्षात ठेवायला हवे. पुढे जे घडले ते लबाडांच्या हातून घडले असते तर लिहिण्यासारखे फारसे उरले नसते.

सुरुवात चांगली झाली. मंत्र्यांनी कराचीच्या १९३१ च्या ठरावाप्रमाणे महिना ५०० रुपये पगार घेतला. राजकीय कैदी सुटले. कायदेभंगात ज्यांच्या जमिनी सरकारने जप्त करून विकल्या होत्या, त्यांना त्या परत मिळाव्यात म्हणून कायदा झाला. गिरणी कामगारांच्या मजुरीची चौकशी करायला जयरामदास दौलतराम यांची समिती नेमली. तिच्या पहिल्या अहवालावरून १९३८ मध्ये मजुरी वाढलीही. मंदीत एकामागून एक कपाती सोसलेल्या गिरणगावाला ही वाढ थोडी वाटली, पण ती सरकारने मिळवून दिलेली होती आणि तसे पूर्वी कधी घडले नव्हते.

मग कोकणाची पाळी आली.

रत्नागिरी, कुलाबा आणि ठाण्याच्या काही भागात खोती होती. सरकार आणि रयत यांच्यामध्ये खोत. सरकारचा सारा गोळा करून भरायचा एवढेच त्याचे मूळ काम, पण पिढ्यान्‌पिढ्या ते वतन झाले आणि गाव त्याच्या मुठीत आले. कूळ भात पिकवायचे आणि त्यातला निम्मा वाटा, कधी त्याहून अधिक, खोताच्या कणगीत जायचा. वर खोताच्या घरची वेठ. कबुलायतीवर अंगठा उमटवणाऱ्याला त्यात काय लिहिले आहे ते कळतच असे असे नाही. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या कुळांनी १९३३ च्या ऑक्टोबरात ठरवले की जमिनी कसायच्याच नाहीत. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. आसपासच्या गावांतली शेते ओस पडली, माणसांनी रानातली लाकडे विकून आणि मिळेल ती मजुरी करून दिवस काढले. हा शेतकऱ्यांचा संप सुमारे सहा वर्षे चालला. डॉ. आंबेडकर १९३४ मध्ये चरीला जाऊन आले होते.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी कायदेमंडळात खोती रद्द करणारे विधेयक मांडले. ते वाचले तर त्यात कुठलाही अघोरी प्रकार नाही. खोताला वाजवी भरपाई मिळणार होती, कसणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळून तो थेट सरकारचा खातेदार होणार होता. फैजपूरच्या ठरावाची भाषा आणि या विधेयकाची भाषा शेजारी ठेवली तर ती एकाच वकिलाने लिहिली असे वाटावे. सत्ताधारी पक्षाला नुसते ‘होय’ म्हणायचे होते.

सरकारने ‘नाही’ म्हटले नाही. कुळांच्या प्रश्नाचा सर्वांगीण विचार चालू आहे, असे म्हटले. सरकारी मराठीत हे ‘नाही’पेक्षा जास्त मुरलेले उत्तर आहे. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातून आणि इतर भागांतून वीस हजारांवर शेतकरी मुंबईत आले. कित्येकजण बोटींनी आले. खांद्यावर घोंगडी, फडक्यात भाकरी. त्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर निघाला. डॉ. आंबेडकर, इंदुलाल याज्ञिक, शामराव परुळेकर अशांचे शिष्टमंडळ खेरांना भेटले. खेरांनी सौजन्याने ऐकून घेतले. त्यांच्याबाबतीत सौजन्याची तक्रार कुणीच केलेली नाही. विधेयक तसेच राहिले.

मंत्रिमंडळाने १९३९ मध्ये स्वतःचा कूळकायदा केला. त्याने काही कुळांना ‘संरक्षित’ ठरवले. १९३८ च्या आधी सलग सहा वर्षे जमीन कसत असल्याचे ज्याला दाखवता येईल, तो संरक्षित. आता खोताच्या कुळाने सहा वर्षांचा कागद कुठून आणायचा? कागद खोताकडे. हा कायदाही आधी काही जिल्ह्यांपुरताच लागू झाला, आणि तोही मंत्रिमंडळ गेल्यानंतर. खोती रद्द करणारा कायदा व्हायला १९४९ साल उजाडावे लागले. तोही काँग्रेसनेच केला आणि तेव्हाही खेरच मुख्यमंत्री होते. मध्ये बारा वर्षे गेली. बारा वर्षांत एका कुळाने किती मण भात खोताच्या दारात ओतले, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

का झाले असे? काँग्रेसमध्ये खोतही होते आणि कुळेही होती. मिठाच्या सत्याग्रहात दोघेही बरोबर तुरुंगात गेले होते. समोर इंग्रज होता तोवर एका झेंड्याखाली दोघांना उभे राहता येत होते; लढा एकाचाच होता, किंवा तसे म्हणता येत होते. कायदा करायला बसल्यावर तसे म्हणता येईना. कायद्यात भाताचा वाटा कुणाचा हे लिहावे लागते. आणि पक्षाच्या तालुका समितीत, जिल्हा समितीत, वर्गणीच्या पावत्यांत कुळापेक्षा खोताचे वजन जास्त होते. सत्तेने काँग्रेसला बदलले असे आपण सर्रास म्हणतो. मला वाटते, तिने काँग्रेसला निवड करायला लावले, आणि निवड आधीच झालेली होती.

गिरणगावातही तेच. फरक एवढाच की तिथे टोलवाटोलवी चालण्यासारखी नव्हती.

मुंबईच्या गिरण्यांत राबणारा माणूस मुख्यतः रत्नागिरीचा, नाहीतर घाटावरचा. कोकणातल्या अर्धेलीवर घर चालत नाही म्हणून तो परळ-लालबागला येऊन चाळीतल्या खोलीत सातआठ जणांबरोबर राही, खानावळीत जेवे आणि मनिऑर्डर पाठवी. त्या मनिऑर्डरीतून गावाकडे खोताचे देणे फिटे. म्हणजे मुळात हा एकच माणूस. जानेवारीत मोर्च्याला आलेला बाप आणि त्याच वर्षी नोव्हेंबरातल्या संपात फाटकाबाहेर उभा राहिलेला मुलगा एका घरातले असणे अगदी शक्य होते.

१९२८ मध्ये या माणसांनी सहा महिने गिरण्या बंद ठेवल्या होत्या. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते. त्यातूनच लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. श्रीपाद अमृत डांगे, मिरजकर, निंबकर ही नावे घरोघरी गेली. त्याच सुमारास इंग्रज सरकारने मध्यवर्ती कायदेमंडळात औद्योगिक तंट्यांचे विधेयक आणले. सार्वजनिक सेवांत नोटीस दिल्याशिवाय संप करणे त्याने गुन्हा ठरवले. काँग्रेसच्या सभासदांनी त्याला विरोध केला. ते मंजूर झाले त्याच दिवशी, ८ एप्रिल १९२९ रोजी, भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी सभागृहात बॉम्ब टाकला. संपाचा हक्क तेव्हा राष्ट्रीय चळवळीच्या अस्मितेचा भाग होता, हे सांगायला याहून मोठा दाखला नको.

२ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईच्या काँग्रेस सरकारने स्वतःचे औद्योगिक तंट्यांचे विधेयक मांडले. यात नोटीस होती, समेटाचा अधिकारी होता, मंडळ होते, औद्योगिक न्यायालय होते. एकातून दुसऱ्यात जाताना महिने लागणार, आणि हे सारे संपेपर्यंत संप करणे बेकायदा. बेकायदा संपात भाग घेतला तर शिक्षा, चिथावणी दिली तर अधिक. तुरुंगवास धरून. १९२९ च्या कायद्यातली नोटिशीची अट सार्वजनिक सेवांपुरती होती. हा कारखान्यातल्या सगळ्यांच्या मानेवर बसणार होता. संघटनांच्याही प्रती लावल्या. मालकाने जिला मान्यता दिली आहे तिला नोंदणीसाठी थोडके सभासद पुरत, जिला मान्यता नाही तिला कितीतरी जास्त लागत. लाल बावट्याला मुंबईतला कुठला गिरणीमालक मान्यता देणार होता, हे विधेयक लिहिणाऱ्यांना ठाऊक होते.

सरकारची बाजूही बनावट नव्हती. तिच्या मागे अहमदाबादचा अनुभव होता. गांधीजींच्या १९१८ च्या लढ्यातून तिथे मजूर महाजन उभे राहिले, लवादाने तंटे मिटवायची रीत पडली, संप क्वचित होत. त्या महाजनातले गुलजारीलाल नंदा आता सरकारात संसदीय चिटणीस होते. कामगाराला उपाशी ठेवणारे लांबलचक संप टाळावेत, गाऱ्हाणे न्यायासनापुढे मांडावे, यात त्यांना खरोखरच कामगाराचे भले दिसत होते. जाहीरनाम्यातली ‘यंत्रणा’ आम्ही उभारतो आहोत, असे ते म्हणू शकत होते, आणि ते खरे होते. त्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग, संपाच्या हक्काचा, यंत्रणेच्या आड येत होता एवढेच. म्हणून तो गळला.

डॉ. आंबेडकरांनी सभागृहात नेमके हेच हेरले. त्यांचे सप्टेंबरातले भाषण कामगार कायद्याच्या कुठल्याही विद्यार्थ्याने वाचावे असे आहे. त्यांचा युक्तिवाद वकिली आणि साधा होता. कामावर न जाणे म्हणजे फार तर नोकरीचा करार मोडणे. करार मोडणाऱ्यावर दिवाणी दावा होतो, त्याला कुणी तुरुंगात घालत नाही. माणसाच्या इच्छेविरुद्ध, तुरुंगाची भीती घालून त्याच्याकडून काम करून घेणे याला जुना शब्द आहे, गुलामगिरी. आणि स्वातंत्र्य हा हक्क आहे असे जर काँग्रेस म्हणते, तर संप हे त्याच हक्काचे दुसरे नाव आहे. जमनादास मेहतांनीही विधेयकाला कडाडून विरोध केला. सरकारकडे मते होती.

त्याच महिन्यात दिल्लीला काँग्रेस समितीने नागरी स्वातंत्र्याविषयी एक ठराव केला. नागरी स्वातंत्र्याच्या नावाखाली काही लोक हिंसेला आणि लुटालुटीला चिथावणी देतात, म्हणून जीवित-वित्ताच्या रक्षणासाठी प्रांतिक सरकारे जे उपाय योजतील त्यांना पाठिंबा, असा त्याचा आशय. डावे सभासद बैठकीतून उठून गेले. चार-पाच वर्षांपूर्वी हेच शब्द इंग्रज सरकारच्या पत्रकांत छापून येत असत. मुनशींच्या गृहखात्याने जमावबंदी आणि गुप्त पोलिस ही जुनीच हत्यारे हाताशी ठेवली होती. आधीचे सरकार गेले तरी ती कपाटातच होती आणि कपाटाची किल्ली टेबलाबरोबर मिळाली.

७ नोव्हेंबरला एक दिवसाचा संप ठरला. तो पुकारणाऱ्यांत स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र होते, आणि हे एकत्र येणे सोपे नव्हते. गिरणीत विणखात्याची मजुरी चांगली, पण तिथे अस्पृश्यांना मज्जाव होता. धोट्यातला तुटलेला धागा ओठांनी ओढून घ्यावा लागे, आणि दुसऱ्याच्या उष्ट्याचा विटाळ सवर्ण कामगारांना चालत नव्हता. लाल बावट्याच्या मागण्यांत ही मागणी बसवायला १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांना भांडावे लागले होते. त्यानंतरच्या संपाला त्यांनी विरोधही केला होता. विणखात्याचे दार उघडले नसताना विणखात्यातल्यांच्या खांद्याला खांदा लावायचा, असा हा प्रकार. कामगारांच्या पुढाऱ्यांची तत्त्वेही ताग्यातून कापून द्यावी तशी सलग नसतात.

त्या सोमवारी भोंगे वाजले पण बऱ्याच गिरण्यांच्या फाटकांतून माणसे आत गेली नाहीत. आंबेडकरांच्या समता सैनिक दलाचे आणि लाल बावट्याचे स्वयंसेवक रस्त्यांवर होते. दगडफेक झाली, लाठ्या चालल्या आणि एल्फिन्स्टन गिरणीजवळ पोलिसांनी गोळीबार केला. कामगाराचा जीव गेला, कित्येक जखमी झाले. गोळीबार करणारे पोलिस तेच होते ज्यांनी १९३० मध्ये काँग्रेसवाल्यांवर लाठ्या चालवल्या होत्या. हुकमाच्या वरची सही तेवढी बदलली होती. संध्याकाळी परळच्या कामगार मैदानावर जमनादास मेहतांच्या अध्यक्षतेखाली अफाट सभा झाली. डांगे बोलले, आंबेडकर बोलले. दोघांना एका व्यासपीठावर ऐकण्याची ही संधी गिरणगावाला फारशी मिळायची नव्हती.

कायदा राहिला. वर्षभराने, नोव्हेंबर १९३९ मध्ये, महायुद्धात हिंदुस्थानला न विचारता ओढल्याच्या निषेधार्थ काँग्रेसची मंत्रिमंडळे बाहेर पडली. तत्त्वासाठी सत्ता सोडणे या पक्षाला जमत असे, हेही खरे.

विरोधकांचे पुढे काय झाले, ते सांगितल्याशिवाय हिशेब पुरा व्हायचा नाही. १९४२ च्या जुलैत डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. युद्धकाळातल्या संरक्षण नियमांत ८१-अ हा नियम त्यांच्या आधीच आला होता. नोटिशीशिवाय संपाला त्याने बंदी केली होती. तो त्यांच्या कारकिर्दीतही चालू राहिला. ते कामगारांसाठी मालक-मजूर-सरकार यांच्या परिषदा भरवत होते, संघटनांना सक्तीने मान्यता देणारे विधेयक आणत होते, आणि नियम त्याच खात्याच्या दप्तरात होता. कम्युनिस्टांनी तर युद्ध ‘लोकयुद्ध’ ठरवल्यावर संप टाळण्याचे धोरणच धरले, आणि तेही सत्तेत नसताना.

१९४६ मध्ये खेर पुन्हा आले. या वेळी नंदा मजूरमंत्री. १९३८ चा कायदा जाऊन त्याच्या पायावर मुंबई औद्योगिक संबंध कायदा आला. त्यात ‘प्रातिनिधिक संघटना’ ही कल्पना पक्की झाली. एका गावातल्या एका उद्योगात अशी एकच संघटना, आणि मालकाशी बोलणी करण्याचा हक्क तिचाच. मुंबईच्या कापड गिरण्यांत हा मान काँग्रेसप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाला मिळाला आणि त्याच्याकडेच राहिला. कामगार सभेला कुणाच्या जातो, वर्गणी कुणाला देतो, याच्याशी त्या मानाचा संबंध हळूहळू सुटत गेला.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या मागे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. मागण्यांत पगारवाढ होती, बदली कामगारांचा प्रश्न होता, आणि मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करा ही मागणी होती. सरकार आणि मालक म्हणाले, सामंतांशी कसे बोलणार, कायद्याने प्रतिनिधी दुसरी संघटना आहे. राज्यात तेव्हाही काँग्रेसच होती. कायद्याच्या लेखी तो संप बेकायदा होता. गिरण्या गेल्या, एल्फिन्स्टनच्या जागेवर काचेच्या इमारती आल्या. संप मागे घेतल्याची घोषणा मात्र कधीच कुणी केली नाही.